डेस्कटॉप चालूच होईना? बेळगाव परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात माझं कम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बेळगाव शहरातली, खानापूर-निपाणीकडची गिऱ्हाईकं येतात, तशी चंदगडचीही येतात. तिकडं महाराष्ट्रात महावितरणची लाईट, इकडं कर्नाटकात हेस्कॉमची. पण एसएमपीएसला, म्हणजे कम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायच्या डबड्याला, सीमा कळत नाही, दोन्हीकडचे २३० व्होल्ट त्याला सारखेच. फोनवर कुणी मराठीत म्हणतं, "कम्प्युटर सुरूच होईना बघा," कुणी कन्नडमध्ये म्हणतं, "ऑन आगवल्दु". पुढचे प्रश्न मात्र तेच असतात, म्हणून ते एकदाचे लिहून काढले.

माझी पद्धत एकच आहे. भिंतीपासून सुरुवात करायची आणि करंट कुठपर्यंत पोचलाय ते बघत पुढं सरकायचं. जिथं तो थांबला तिथं दोष. त्याआधी एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

"चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय सांगायचं?

निम्मं निदान इथंच होतं. बटण दाबल्यावर काय काय होतं ते नीट बघा. दिवा नाही, आवाज नाही, पंखा नाही, असं असेल तर मशीन पूर्ण मृत. पंखा गरकन अर्धा फेरा मारून थांबत असेल तर तो वेगळा आजार. आणि पंखे फिरतायत, दिवा लागलाय, पण स्क्रीन काळी, तर कम्प्युटर चालू आहे, फक्त चित्र येत नाही. हा तिसरा आजार.

फोनवर तिन्हींना "चालू होईना" असंच म्हणतात. एकानं रिक्षात घालून खानापूरहून अख्खा सीपीयू, म्हणजे कम्प्युटरचा मुख्य डबा, आणला होता. दुकानात लावला तर मस्त चालला. घरी मॉनिटरची वायर सैल होती. मला वाईट वाटलं ते रिक्षाभाड्याचं.

काहीच होत नाही. पहिल्यांदा कुठं हात घालू?

भिंतीवरच्या सॉकेटला. तिथं मोबाईलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून बघा. मग एक्स्टेन्शन बोर्ड. बऱ्याच बोर्डांना बाजूला एक छोटं बटण असतं, लोड जास्त झाला की ते उडतं आणि परत दाबावं लागतं. ते आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

नंतर सीपीयूच्या मागं जा. वायर घुसते तिथंच शेजारी एसएमपीएसचा स्विच असतो, त्यावर उभी रेघ आणि गोल. रेघ दाबलेली म्हणजे चालू. दसऱ्याला टेबल ओढून झाडलोट झाली की हमखास हा स्विच बंद होतो. खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडं येणाऱ्या फोनांत याचा मोठा वाटा असतो आणि त्याचे पैसे मी घेत नाही.

राहिली पॉवर केबल. मॉनिटरची आणि सीपीयूची केबल बहुतेक वेळा एकाच जातीची असते. अदलाबदल करून बघा. मॉनिटरच्या वायरीवर सीपीयू जागा झाला तर दोष केबलचा, काम दोन मिनिटांत संपलं.

यूपीएस आहे, त्याचा दिवा पण लागतोय. मग करंट येतोच आहे ना?

येतोच असं नाही. घरगुती यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट ७ अँपिअरअवरची शिशाची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. थकलेली बॅटरी असली की काही यूपीएस लाईट असतानाही आउटपुट देत नाहीत. काही देतात, पण बटण दाबताक्षणी कम्प्युटरचा झटका त्यांना पेलत नाही आणि ते बंद पडतात.

यूपीएस बाजूला काढा, सीपीयू थेट भिंतीला लावा. चालला, तर यूपीएसची बॅटरी बदला, कम्प्युटरच्या वाटेला जाऊ नका.

लाईट गेली, परत आली, आणि तेव्हापासून सीपीयू मेला. जळला का?

बहुतेक वेळा नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये संरक्षणाची व्यवस्था असते. व्होल्टेज वेडंवाकडं झालं की तो स्वतःला कुलूप लावून घेतो आणि मेन करंट पूर्ण तुटल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. म्हणून मागची वायर उपसून काढा, समोरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे आतला उरलासुरला करंट उतरतो, पाच मिनिटं थांबा, मग लावा. यावर उठलेल्या मशीन मी खूप बघितल्यात.

खरी भीती वेगळ्या गोष्टीची. खांबावरचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला तर घरातल्या सॉकेटवर २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. ओळखायची खूण म्हणजे एका खोलीतला बल्ब डोळे दिपतील असा पेटतो आणि शेजाऱ्याचा मिणमिणतो. असं दिसलं की आधी घराचा मेन स्विच पाडा, मग हेस्कॉमच्या १९१२ वर कळवा. अशा वेळी चालू असलेल्या कम्प्युटरचा एसएमपीएस आतला फ्यूज घेऊन जातो. फ्यूज बदलून भागत नाही, कारण तो सहसा एकटा जात नाही. एसएमपीएसच बदला. पुष्कळदा मागचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, मात्र वाचलेला असतो.

कडोलीच्या एका घरात उलटं होतं. विहिरीवरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज इतकं बसायचं की कम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचा. त्यांनी दोन वेळा विंडोज टाकून घेतलं होतं! मोटर सुरू करताना सॉकेटला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला आणि काटा खाली येताना सगळ्यांना दाखवला, तेव्हा पटलं.

मागं एक लाल सरकता स्विच आहे. तो कशाला?

जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा असतो. आपल्याकडं तो २३० वरच हवा. ११५ वर करून आपली लाईट दिली की फटाक्यासारखा आवाज येतो, धूर निघतो आणि एसएमपीएसचं आयुष्य संपतं. लहान पोरांना तो लाल रंग फार आवडतो. २३० वर ठेवून वरून चिकटपट्टी लावा.

पॉवर बटणच बिघडलं असेल तर?

असू शकतं, आणि ते तपासणं सोपं आहे. समोरच्या बटणापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डवरच्या दोन पिनांवर जातात. बटणाचं काम एवढंच की क्षणभर त्या दोन पिना एकमेकींना जोडायच्या. बोर्डावर त्या जागी पीडब्ल्यूआर किंवा पॉवर स्विच असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वायरींच्या टोकाला असलेली प्लास्टिकची टोपी काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दोन्ही पिनांना एक सेकंद स्पर्श करा. इथं ५ व्होल्टपेक्षा जास्त नसतात, शॉक लागत नाही. फक्त शेजारच्या पिनांना धक्का नको.

मशीन सुरू झालं तर बटण गेलंय. नवीन कॅबिनेट घ्यायची गरज नाही. रीसेट बटणाची टोपी काढून पॉवरच्या पिनांवर बसवा. इथून पुढं रीसेट दाबून कम्प्युटर चालू करायचा. एका मराठी शाळेतलं मशीन चार वर्षं असंच चाललंय, मुलांना वाटतं ते बटण त्यासाठीच असतं.

मदरबोर्डवर हिरवा दिवा लागलाय, तरी बटणाला दाद नाही.

हा दिवा म्हणजे एसएमपीएसचा जागता पहारा. वायर लावली की कम्प्युटर बंद असतानाही जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट मदरबोर्डला मिळत राहतात, तेवढ्यावर दिवा लागतो. म्हणजे भिंत, केबल, मागचा स्विच आणि एसएमपीएसचा तो भाग इथपर्यंत करंट आला. पण मुख्य भाग धड आहे याची ही खात्री नव्हे. पुढचा संशय बटण, एसएमपीएसचा मुख्य भाग किंवा मदरबोर्ड यांवर.

एसएमपीएस घरी तपासता येतो का? यूट्यूबवर पिनेनं करतात ते बरोबर आहे का?

बरोबर आहे, पण क्रम चुकला तर महागात पडतं. आधी भिंतीवरची वायर काढा. मदरबोर्डला लागलेला २४ पिनांचा रुंद कनेक्टर सोडवा, बाकी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरच्या चित्रासाठीचं वेगळं कार्ड, असलं तर) यांच्याही वायरी सोडवा. त्या रुंद कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी वायर यांना वाकवलेल्या पिनेनं किंवा प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या तारेच्या तुकड्यानं जोडा. हात बाजूला घ्या. मग वायर लावून मागचा स्विच टाका. पंखा फिरला तर एसएमपीएस जागा होतोय.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. काही नव्या एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, त्यामुळं पंखा स्थिर म्हणजे मेला असं नाही. आणि पंखा फिरला म्हणजे तो ठणठणीत असंही नाही. रिकाम्या गाडीचं इंजिन कुणीही चालू करेल, चढ आला की कळतं. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४६ यायला हवेत. त्याबाहेर आकडा गेला तर बदलाच.

सगळ्या वायरी काळ्या असल्या तर अंदाजानं पिन खुपसू नका, दुकानात आणा.

आणि एसएमपीएसचं डबडं उघडू नका, हे मी हात जोडून सांगतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या घरात डीसी करंट साठतो आणि वायर काढल्यावरही काही काळ राहतो. मी स्वतः एकदा घाईत बोट लावलंय. कोपरापर्यंतचा हात संध्याकाळपर्यंत माझा नव्हता.

पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. पुन्हा तेच.

म्हणजे बहुतेक कुठंतरी शॉर्ट आहे, एसएमपीएसला ते कळतंय आणि तो माघार घेतोय. त्याला दोष देण्याआधी यूएसबी पोर्ट बघा. समोरच्या पोर्टच्या आतली जीभ मोडून पत्रा आत वाकलेला असतो, पेन ड्राइव्ह तिरका घुसवल्यामुळं. तेवढ्यानंही मशीन उठत नाही.

मग वजाबाकी सुरू करा. दरवेळी वायर काढून, एकेक गोष्ट कमी करत जा. आधी हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, मग ग्राफिक्स कार्ड, मग एक सोडून बाकीची रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी एवढ्यावर मशीन उठलं तर काढलेल्यांपैकी कुणीतरी चोर आहे.

तरीही नाही उठलं तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघतो. बाहेर चालला आणि आत नाही, असं झालं तर बोर्डाखाली एखादा जास्तीचा पितळी खांब किंवा पडलेला स्क्रू टेकलेला असतो. स्वतः कम्प्युटर जोडणाऱ्या कॉलेजच्या पोरांचा हा ठरलेला प्रसाद. बोर्डावरच्या कपॅसिटरांची डोकी पण बघा. सपाट हवीत. पुरीसारखी फुगलेली किंवा तपकिरी चिकट गळलेली दिसली तर तिथंच रोग.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी.

हा वेगळा लेखच होईल, थोडक्यात सांगतो. मॉनिटरचा इनपुट आणि केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नको. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर लागलाय का बघा, तो विसरला तर पंखे फिरतात पण प्रोसेसरला करंटच नसतो. मग रॅम काढा, सोनेरी पट्टी शाळेच्या पांढऱ्या खोडरबरानं हलके पुसा, कण झटका आणि क्लिप टक् वाजेपर्यंत परत बसवा.

आमच्याकडं जांबोटीला आषाढ-श्रावणात दर वर्षी हे होतं. उन्हाळ्यात चांगला चालतो.

तुमच्याकडं पाऊस नसून मुक्काम असतो! खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथं रॅमच्या पट्टीनं कोरडं राहावं कसं? ओलावा धुळीत मुरतो, धूळ करंट झिरपू देते, कनेक्टरवर हिरवट बुरा चढतो.

पावसाळ्याआधी धूळ काढून घ्या. हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण कोरडी धूळ मेच्या अखेरीस निघते, जुलैत तिचा चिखल झालेला असतो. वापर नसला तरी रोज अर्धा-एक तास मशीन चालू ठेवा, त्याच्याच उबेनं आतला भाग कोरडा राहतो. सीपीयू जमिनीवर आणि भिंतीला चिकटून नको. प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर मशीन थंड झाल्यावरच घाला.

बंद पडलाच तर चुलीपुढं ठेवू नका आणि हेअर ड्रायरचा कडक वारा मारू नका. बाजूचं झाकण काढून कोरड्या खोलीत टेबलफॅनसमोर एक दिवस ठेवा. त्यानंतरच करंट द्या. ओल असताना "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबणं हीच खरी चूक.

सकाळी सुरू होतो, तासाभरानं बंद पडतो, मग अर्धा तास उठतच नाही.

गरम होतोय. वडगावच्या एका विणकराच्या घरचा सीपीयू असाच यायचा. तिथं गेलो तर यंत्रमागाच्या खोलीला लागून टेबल, मधे फक्त पडदा. एसएमपीएसची जाळी बघितली तर तिच्यावर राखाडी कापसाचा थर, बोटानं उचलला तर रजईच्या तुकड्यासारखा सलग निघाला. आत पंखा जागच्या जागी गुरगुरत होता, फिरत नव्हता. साफ केला, पंख्याला तेलाचा थेंब दिला, सीपीयू दुसऱ्या भिंतीला नेला. आता दर दोन महिन्यांनी त्यांची मुलगीच जाळी ब्रशनं झाडते.

पाल, मुंग्या, उंदीर यांनी खरंच कम्प्युटर बंद पडतो?

पडतो. थंडीत पाल उबेला एसएमपीएसमध्ये शिरते, दोन टोकांना एकदम चिकटते, आणि दोघंही जातात. वास आला की मला डबडं न उघडता कळतं. उंदीर बाहेरची केबल कुरतडतात. उपाय साधा आहे. कॅबिनेटच्या मागं कार्डांच्या ज्या पट्ट्या काढून टाकलेल्या असतात त्या परत बसवा. जाळी हवी तिथं जाळी, बाकी भोकं बंद.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. याचा संबंध आहे का?

अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतले फिल्टर कपॅसिटर थोडासा करंट पत्र्याकडं सोडतात, तो अर्थच्या वायरीतून जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थच नसेल तर पत्र्यावर शंभरएक व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण ती झिणझिण खरी असते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घुसवणं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जोरात झटका बसला तर प्रकरण वेगळं, मशीन लगेच भिंतीपासून तोडा.

मदरबोर्डवरची छोटी बॅटरी बदलली की सुरू होईल असं एकानं सांगितलं.

सीआर २०३२ ची ती नाण्यासारखी बॅटरी घड्याळ आणि सेटिंग सांभाळते. ती मेली तर तारीख मागं जाते, सुरू होताना तक्रार येते. तिच्यामुळं मशीन पूर्ण मृत होणं क्वचित. तरी स्वस्त आहे, पाच वर्षं झाली असतील तर बदलून टाका. पण तीच बदलून निदान झालं असं समजू नका.

आतल्या फोटोंचं, हिशेबाचं काय?

एसएमपीएस किंवा बोर्ड गेला तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या कम्प्युटरला लावली की माल मिळतो. एकच अडचण. विंडोज ११ च्या पुष्कळ मशीनांत डिस्क आपोआप कुलूपबंद असते, दुसरीकडं लावली की ४८ आकडी बिटलॉकर किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. खात्याचा पासवर्ड कुणाला आठवतो ते घरी आधीच विचारून ठेवा.

दुकानात आणताना काय आणू?

सीपीयू आणि त्याचीच पॉवर केबल. मॉनिटर, कीबोर्ड नको. बिल असेल तर आणा, एसएमपीएसला कंपनीप्रमाणं अनेकदा तीन किंवा जास्त वर्षांची वॉरंटी असते आणि लोक ती विसरून नवा घेतात. शेवटी कधी चालला होता, त्या दिवशी लाईट गेली होती का, वीज कडाडली होती का, पोरानं काय खुपसलं होतं, हे खरं खरं सांगा. कुणी रागावणार नाही. बसमधून आणत असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं पिशवीत घ्या, खानापूरच्या रस्त्यानं येईतो ते खाचेतून निसटलेलं असतं आणि मग एकाचे दोन रोग होतात.